उलट्या कात्रीचे उट्टे

मी एक जुनी कात्री आहे. हसू नका, मित्रांनो. मला माहीत आहे, मला पाहिल्यावर आधी हसूच येते. माझे अंग काळपट, टोक वाकलेले, आणि अंगठ्याच्या कड्याला गुंडाळलेली चिंधी इतकी जुनी की तिचा मूळचा रंग आता मलाही आठवत नाही. हसून घ्या. मात्र जाताना शर्टाची बाही सांभाळा. मी डूख धरणारी आहे आणि ते लपवून ठेवत नाही.

इतर वस्तू आपली कहाणी सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. जुनी छत्री म्हणते, मी भिजले पण कुणाला भिजू दिले नाही. जुना कंदील म्हणतो, मी काजळलो पण उजेड दिला. तुम्ही हळहळता आणि ओळी वहीत उतरवून घेता. मला तुमची हळहळ नको. माझा अपमान झाला आणि मी त्याचा वचपा काढला, एवढीच माझी कहाणी आहे. ती मी अगदी मजेत सांगणार आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला, तोही एका शिंप्याच्या हट्टापायी. त्या शिंप्याला सगळे थोरले मास्तर म्हणत. थोरले मास्तर डावखुरे होते. बाजारात मिळणारी कोणतीही कात्री त्यांच्या हातात धड चालत नसे. उजव्या हाताने कात्री दाबली की अंगठा आणि बोटे नकळत दोन्ही पाती एकमेकांना चिकटवून ठेवतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती फाकवतो आणि कापड मध्येच दुमडून बसते. विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा, फक्त आईच्या चांगल्या पडद्यावर नको.

थोरले मास्तर लोहाराकडे गेले आणि म्हणाले, "मला एक कात्री हवी."

"कात्री नंतर," लोहार म्हणाला. "आधी हात दाखवा."

त्याने मास्तरांना समोर बसवून एक जुने पोते कापायला लावले. अंगठा कुठे दाबतो, मनगट कुठे वळते, हे तो वाकून वाकून पाहत राहिला. मग त्याने मला घडवले. इतर कात्र्यांचे जे पाते वर असते ते माझे खाली ठेवले, आणि अंगठ्याच्या कड्याचा उतार दुसऱ्या बाजूला दिला. भट्टीवरची माणसे जमली आणि खिदळू लागली. "मालक, उलटी झाली की हो ही!"

"तुम्हाला उलटी," लोहार म्हणाला. "ज्याची त्याला सुलटी."

ते वाक्य मी आजतागायत विसरले नाही. खिदळणाऱ्यांनाही विसरले नाही.

थोरल्या मास्तरांच्या हाताखाली माझे दिवस सुखाचे गेले. माणूस दुकानात आला की ते आधी त्याला खुर्ची देत, गप्पा मारत, मग उभे करून टेप लावत. एक खांदा मोजला म्हणून दुसरा मोजायचा सोडत नसत. हात वर करा, खाली करा, जरा चालून दाखवा, आता बसा. लहान मुले गुदगुल्या झाल्यासारखी वळवळत. मोजून झाले की ते पुन्हा एकदा मोजत. खडूची रेघ मारत आणि तिच्या बाहेर, शिवणीच्या आत दडून राहील असे, थोडे जास्तीचे कापड सोडून मला चालवत. त्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. माप चुकले, माणूस अंगाने भरला, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो, तो त्या मायेमुळेच. थोरले मास्तर म्हणत, "मी काही देव नाही. मी चुकलो तर कपड्यात जागा हवी."

लोक म्हणत, मास्तरांचा कपडा अंगावर आहे हेच कळत नाही. ते ऐकून मी नखरे करत नसे, पण मनातून फुलून जाई. संध्याकाळी मास्तर मला तेलाच्या बोटाने पुसत आणि खिळ्याला अडकवत. उतारवयात त्यांचा अंगठा दुखू लागला, तेव्हा त्यांनी माझ्या कड्याला मऊ चिंधी गुंडाळली. हीच ती चिंधी. हिला हसाल तर खबरदार.

मग त्यांचे हात थरथरू लागले. काही दिवस ते नुसतेच मला हातात घेऊन बसत, आणि एक दिवस गेलेच. त्यांना मूलबाळ नव्हते. दुसऱ्या गावाहून त्यांचा पुतण्या आला आणि दुकानाचा मालक झाला. तोही शिंपीच होता, आणि दुकान ज्याचे त्याला लोक मास्तरच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पण मनापासून नव्हे.

या नव्या मास्तरांनी काकांना कधी काम करताना पाहिले नव्हते. आल्या आल्या त्यांनी मला खिळ्यावरून काढले, उजव्या हातात घेतले आणि एका कापडावर चालवले. माझ्या कड्याची धार त्यांच्या अंगठ्यात रुतली. पाती फाकली. कापड दुमडले. या सगळ्याला चहाच्या एका घोटाइतकाही वेळ लागला नसेल.

"बोथट!" ते म्हणाले. "आणि दिसतेय कशी बघा, भिकाऱ्याच्या अंगठ्याला पट्टी बांधल्यासारखी! काकांनी या भंगारावर दिवस काढले?"

झाला माझा निकाल. धार तपासली नाही, दुसऱ्या हातात घेऊन पाहिले नाही. दुकानाच्या खिडकीला वरून बिजागरी असलेली एक जड लाकडी झडप होती. ती उघडी ठेवायला टेकू लागे आणि टेकूची काठी हरवली होती. मास्तरांनी मला झडपेखाली उभी खोचली. मधूनमधून तिथून काढत, ते रंगाचा डबा उघडायला नाहीतर खिळा उपटायला. माझे टोक वाकले ते तेव्हा. आणि माझ्या खिळ्यावर एक नवी कात्री आली. चकचकीत, कड्यांना निळा मुलामा दिलेली. ऊन पडले की ती अशी काही लखलखायची, जणू सूर्य तिनेच शिवला होता.

त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली. उट्टे काढीन तरच नावाची कात्री!

सुरुवातीला मी लहानसहान हिशेब चुकते केले. मास्तर पांढरा शर्ट घालून खिडकीशी उभे राहिले की माझा गंज त्यांच्या बाहीला लागे. सुतळी कापायला त्यांनी मला घेतले की मी सुतळी सोडून त्यांची कातडी चिमटीत धरी. ते किंचाळत आणि मला शिव्या देत. मला फार बरे वाटे. पण एवढ्याने माझे समाधान होणार नव्हते.

आता मास्तरांचा मोठेपणा ऐका. ते टेप लावत नसत. दारातून माणूस आत आला की डोळे बारीक करत आणि म्हणत, "झालं माप!" एका नजरेत माप घेतो, ही त्यांची शेखी. अंगाचेच नव्हे, स्वभावाचेही माप घेत. "हा भांडकुदळ आहे, आगाऊ पैसे घ्या." "ही बाई चार चकरा मारायला लावणार." चपला पाहून, चालणे पाहून ठरवून मोकळे. नजरेवर एवढा भरवसा असल्यावर माया कशाला सोडतील? कापड रेघेला रेघ कापत. कपडा घट्ट झाला तर म्हणत, "तुम्ही जाड झालात." सैल झाला तर म्हणत, "जेवण कमी झालंय तुमचं, तब्येत दाखवून घ्या." बिचारी गिऱ्हाइके घरी जाऊन आरशात स्वतःलाच दोष देत.

मग मास्तरांच्या मुलाचे लग्न झाले. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता आणि सुट्टीला घरी येई. सून मात्र घरीच राहिली. तिला शिवणकामाची आवड होती. ती स्वतःहून म्हणाली, "बाबा, मी दुकानात बसू का? मला बेतायला शिकायचंय." कापड मापाने आखून कापायचे, त्याला बेतणे म्हणतात. शिंप्याच्या दुकानात तेच सगळ्यांत मानाचे काम.

"ये की," मास्तर म्हणाले. "ही घे कात्री, ही घे रेघ. सरळ काप."

तिने चकचकीत कात्री उजव्या हातात घेतली. आता हे फक्त मलाच ठाऊक होते, कारण मी खिडकीत उभी राहून दिवसभर तिच्याकडे पाहत असे: सूनबाई डावखुरी होती. वस्तू उचलायला तिचा डावा हात पुढे होई आणि मग दचकून मागे जाई. लहानपणी त्या हातावर पुष्कळ चापट्या बसल्या असाव्यात. उजव्या हातातली कात्री रेघ सोडून भटकली आणि कापडाची कड कुरतडल्यासारखी झाली. मास्तरांनी तिला ती रेघ पुरीसुद्धा करू दिली नाही.

"कळलं," ते म्हणाले. "एका नजरेत कळलं. हात वाकडा आहे तुझा. तू बटणं लाव."

तेव्हापासून ती बटणे लावू लागली. मास्तरांची पाठ वळली की सुई गुपचूप डाव्या हातात जाई आणि टाके असे एकसारखे पडत की मी पाहतच राही. एकदा खिडकीची धूळ पुसताना तिने माझी सुटलेली चिंधी पुन्हा नीट बांधली आणि हळूच म्हणाली, "तुलाही इथेच उभं केलं का गं?" थोरले मास्तर गेल्यापासून माझ्याशी कुणी बोलले नव्हते. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी मला भरून आले. त्या दिवसापासून माझ्या यादीत मास्तरांच्या नावापुढे आणखी एक गुन्हा चढला.

एके दिवशी एक पोस्टमन दुकानात आला. त्याच्या खांद्यावर टपालाची पिशवी होती आणि काखेत कापडाचे पुडके. तो लवकरच निवृत्त होणार होता. सोबत्यांनी मिळून त्याला गडद निळे लोकरी कापड घेऊन दिले होते आणि बजावले होते की निरोपाच्या कार्यक्रमाला याचाच कोट घालून यायचे. जन्मभर खाकी घातलेल्या माणसाचा तो पहिला कोट होता. कापड टेबलावर ठेवताना त्याने आधी हात पँटला पुसले.

मास्तरांनी डोळे बारीक केले. "झालं माप."

"टेप नाही लावणार?" पोस्टमनने विचारले.

"टेप नवशिक्यांना लागतो."

"तसं नाही, मास्तर. माझा खांदा जरा..."

"खांदे सगळ्यांनाच असतात हो! निरोपाच्या दिवशी सकाळी ट्रायलला या, संध्याकाळी कोट अंगावर."

मी खिडकीतून पाहत होते म्हणून मला दिसले. पिशवीचा पट्टा घसरू नये म्हणून पोस्टमन तो खांदा उचलून धरी. दुकानाबाहेर पडल्यावर त्याने पिशवी क्षणभर खाली ठेवली, आणि त्याचा खांदा दोरी सुटल्यासारखा खाली आला. जन्मभराच्या ओझ्याने तो उतरला होता. पिशवी असेपर्यंत सरळ दिसे, पिशवी गेली की उघडा पडे. आणि निवृत्त होणाऱ्या माणसाची पिशवीच तर जाणार होती. मी ओरडून सांगितले असते, पण मला कोण विचारतो! खरे सांगू? मास्तर तोंडावर पडणार म्हणून मला उकळ्याही फुटत होत्या. वाईट वाटत होते ते पोस्टमनसाठी.

कोट कापला गेला, रेघेला रेघ, मायेशिवाय. त्याच सुमारास मास्तर सुनेला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नवा कारागीर येतोय. बटणंही तोच लावेल. तू आता घरातलं बघत जा."

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवले. तिचा चेहरा फक्त मला दिसला. तेव्हा संताप माझ्या दोन्ही पात्यांत भिनला.

निरोपाच्या दिवशी सकाळी पोस्टमन पिशवीशिवाय आला. कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट त्याच्या अंगावर चढवला. एक बाजू ठीक बसली. दुसरी बाजू खांद्यावरून ओघळली, काखेत चुण्या पडल्या आणि कॉलर मानेपासून दूर जाऊन उभी राहिली.

"ताठ उभे राहा," मास्तर म्हणाले.

"ताठच आहे मी."

"मग वाकडे का दिसताय?"

"मी असाच आहे, मास्तर. तेव्हा तेच सांगत होतो."

सूनबाई टाचण्यांची डबी घेऊन बाजूला उभी होती. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "काही नाही, कापूस भरतो. कुणाला कळायचं नाही." त्यांनी त्या खांद्यात कापूस कोंबला. आता खांदा वर आला खरा, पण कोटात कुणी पाव लपवून ठेवावा तसा दिसू लागला. पोस्टमनने आरशात पाहिले आणि मान खाली घातली. "संध्याकाळी सगळे येणारेत," तो हलकेच म्हणाला. "जाऊ द्या. मी खाकीच घालून जातो."

"अहो, थांबा! उजेडात बघू द्या." मास्तरांनी कोट त्याच्या अंगावरून ओढला, तो घेऊन तणतणत खिडकीशी आले आणि उजवा हात नेमका चौकटीवर टेकवला. माझ्या अगदी शेजारी.

मित्रांनो, किती काळ मी या क्षणाची वाट पाहिली होती! वाऱ्याने मला जरासे हलवले, हे खरे. बाकीचे मी केले. मी घसरले. झडप धाडकन खाली आली.

मास्तरांची किंकाळी चौकापर्यंत गेली असेल. मोडले काही नाही, काळजी करू नका, पण बोटे टम्म सुजली. सूनबाईने त्यांना खुर्चीवर बसवून हाताला ओले फडके गुंडाळले. त्या हाताने आता चमचाही धरता येणार नव्हता, कात्रीचे तर नावच नको. मी जमिनीवर पडल्या पडल्या मनात म्हणाले, जिरली!

"आता कोटाचं कसं?" पोस्टमनने विचारले.

सूनबाई म्हणाली, "बाबा, मी मोजू का?"

"तू काय मोजणार? बटण आहे का ते?"

"मोजू द्या की," पोस्टमन म्हणाला. "मोजल्यानं काय बिघडतंय?"

तिने टेप काढला. एक खांदा मोजला, दुसरा मोजला. पाठीवरून मोजले. मग पुन्हा एकदा सगळे मोजले. खोलीत मला थोरल्या मास्तरांचा भास झाला. "काका, कोट लहान झालेला नाही," ती पोस्टमनला म्हणाली. "या बाजूला जास्त आहे. खांद्याचा उतार खाली घ्यायचा आणि बाहीची गोलाई तेवढीच खाली कापायची. कापूस नको. फक्त कात्री रेघ सोडून जाता कामा नये. आत माया नाही, त्यामुळे चुकलं तर कोट गेला."

झडप पडल्यामुळे खोलीत अंधारून आले होते. तिने घाईत टेबलावरची चकचकीत कात्री उचलून आधी एका चिंधीवर चालवून पाहिली. उजव्या हातात तिने पुन्हा कड कुरतडली.

"बघा! हेच म्हणत होतो मी!" मास्तर खुर्चीवरून ओरडले. "ठेव खाली! हात वाकडाच आहे तुझा."

तिचे डोळे भरले. उजेड तरी हवा म्हणून तिने झडप उचलली आणि हातात होती तीच चकचकीत कात्री टेकू म्हणून खोचली. निळा मुलामा दिलेली ती राणी माझ्या जागी, धुळीत, झडपेचे ओझे घेऊन! एवढ्यावरच माझा निम्मा सूड पुरा झाला.

मग वाटेत पडलेली मी तिला दिसले. तिच्या उजव्या हातात खडू होता. मला उचलायला डावा हात पुढे आला, आणि या वेळी मागे घ्यायला तिला सुचले नाही. तिचा अंगठा माझ्या कड्यात गेला. चिंधी त्याच्याभोवती बसली. थोरल्या मास्तरांनंतर मला पहिल्यांदा कुणी नीट धरले होते.

ती थबकली. चिंधीवर तिने मला चालवले. माझे टोक वाकलेले होते, पण पोटाकडची धार शाबूत होती. मी सरळ गेले. तिने मला उजव्या हातात घेतले. मी कापड चावत बसले. पुन्हा डाव्या हातात घेतले. पुन्हा मी सरळ गेले. आणि ती हसू लागली, डोळे पुसत हसू लागली.

"बाबा, ही बोथट नाही. ही डाव्या हाताची आहे."

"कात्रीला कसला डावा-उजवा हात?" मास्तर खेकसले. "तिनं सुतळीसुद्धा कापली जात नाही. तिला हात लावू नकोस, आणि कोटाला तर मुळीच नको!"

पोस्टमन पुढे आला. "मास्तर, कोट माझा आहे. तिला कापू द्या." मग म्हणाला, "इतकी वर्षं घरोघरची दारं वाजवली मी. दाराच्या रंगावरून आत कसा माणूस असेल ते मला एकदाही ओळखता आलं नाही."

तिने मला मशीनचे तेल घातले, धार लावायच्या दगडावर घासले, मधला स्क्रू आवळला. मग तिने कोट टेबलावर पसरला. मला भीती वाटत होती, हे आता सांगून टाकते. मी चुकले असते तर मास्तर खरे ठरले असते, माझ्याबद्दलही आणि तिच्याबद्दलही, कायमचे. पण तिचा हात रेघेवर ठाम होता. लोकरीत मी शिरले आणि खडूच्या रेघेवरून अशी गेले, जणू मधली वर्षे कुणी उसवून टाकली होती. खांद्याचा उतार झाला. गोलाई झाली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठून पाहत होते आणि तोंड मिटायला विसरले होते.

दुपारभर मशीन चालले. संध्याकाळी पोस्टमनने कोट चढवला. कॉलर मानेला टेकली, खांदा खांद्यावर बसला. आरशासमोर त्याने दोन्ही खांदे सैल सोडले.

"आज खांदा उचलून धरावा लागत नाहीये," तो म्हणाला. सूनबाईला त्याने दोन्ही हात जोडले. मग मला पाहून म्हणाला, "आणि या म्हातारीला खिडकीत ठेवू नका."

"नशीब," मास्तर पुटपुटले.

पण त्या कार्यक्रमाला आलेल्यांनी कोट पाहिला. दुसऱ्या आठवड्यापासून लोक दारातून आत येऊन मास्तरांना ओलांडून विचारू लागले, "सूनबाई आहेत का? जरा टेप लावून माप द्यायचं होतं." प्रत्येक वेळी मास्तरांचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा होई. प्रत्येक वेळी मी खिळ्यावर बसून तो मन भरून पाही. हो, खिळा पुन्हा माझा झाला. नवा कारागीर आलाच नाही. त्याला नको म्हणून मास्तरांनीच कळवले, आणि ते कळवताना त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते.

तरी माझे पोट भरले नव्हते. माझे शेवटचे उट्टे बाकी होते, आणि ते मास्तरांनी आपल्या पायांनी चालत येऊन दिले.

त्यांचा स्वतःचा कोट जुना झाला होता. आपले कपडे ते नेहमी स्वतःच कापत, तेही आरशात एक नजर टाकून. त्यांचा प्रत्येक कोट पाठीवर ओढायचा आणि ते कापडाला शिव्या द्यायचे. आता बोटे पुरती बरी झाली नव्हती. ते सुनेसमोर उभे राहिले आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "माझा एक कोट बेतायचाय. माप मला पाठ आहे, लिहून घे."

"हात वर करा, बाबा," ती टेप काढत म्हणाली.

तिने एक खांदा मोजला. दुसरा मोजला. मग थांबली. "बाबा, तुमचा एक खांदा उतरलाय. टेबलावर वाकून वाकून."

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले. मग त्यांना आरशासमोर नेऊन टेप दाखवला. मास्तर आरशात पाहत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे माप एका नजरेत घेणाऱ्या या माणसाने स्वतःकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. मी खिळ्यावर होते. मला टाळ्या वाजवता येत नाहीत, पण माझी पाती आपोआप खट्ट झाली.

कापड पसरले गेले. मी तिच्या डाव्या हातात होते. खडूची रेघ आखून झाली तेव्हा मास्तर पलीकडून अगदी हळू म्हणाले, "थोडी माया सोड."

तुम्ही ऐकलेत ना? मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने माया मागितली. माझ्या मनात असते तर मी दोराभरही जास्त कापड सोडले नसते, रेघेला रेघ कापून दिले असते. पण हात तिचा होता. ती म्हणाली, "सोडते, बाबा," आणि तिने मला रेघेच्या चांगलेच बाहेरून नेले. मी निमूट गेले. तिला मी नाही म्हणू शकत नाही.

तर मित्रांनो, रिवाजाप्रमाणे शेवटी मी तुमच्याकडे काही मागायला हवे. मागते. तुमच्या वर्गात कुणी नवे आले असेल. अडखळत बोलत असेल, हसायच्या जागी हसत नसेल, त्याचे अक्षर वाकडे असेल. तुम्ही पहिल्याच तासाला त्याला नाव ठेवून मोकळे झाला असाल, आणि ते नाव आता सगळ्यांच्या तोंडी बसले असेल. एकदा त्याच्यापाशी जा आणि नीट मोजा. मग दुसऱ्या बाजूने मोजा. आणि थोडी माया सोडून ठेवा, कारण चुकलात तर उसवायला जागा हवी. हे मी तुमच्या भल्यासाठी सांगते, असे समजू नका. मी त्या मुलाच्या बाजूने सांगते आहे. तो खिडकीत उभा राहून सगळे पाहतो आहे, आणि प्रत्येकजण सूनबाईसारखा मऊ मनाचा नसतो. कुणी कुणी माझ्यासारखेही निघतात.

ते पाहा, मास्तर निघाले. हल्ली ते कुठेही जाताना तोच कोट घालतात. पाठीवर ओढत नाही, खांद्यावर उचलत नाही. चौकात कुणी विचारले, कुणी कापला हो, की त्यांना सुनेचे नाव घ्यावे लागते आणि माझेही. मी माफ केलेले नाही. फक्त माझा सूड त्यांच्या अंगाला अगदी मापात बसला आहे.